काच फुटली, पण विखुरली नाही! गाडीच्या काचेत जीव वाचवणारा थर घालणाऱ्या चित्रकाराची गोष्ट

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53. पुढे गिट्टी भरलेला टिप्पर आणि त्याच्या मागे एक दणकट फोर बाय फोर गाडी. गाडीच्या छतावर पुढून मागेपर्यंत काचच काच, म्हणजे आपण ज्याला पॅनोरमिक सनरूफ म्हणतो ते. मागच्या सीटवर पोरं मान वर करून आभाळ बघतायत. तेवढ्यात टिप्परमधून एक खडा उडतो आणि टण्‌कन छतावर आदळतो.

आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर उमटते, पण काच जागच्या जागी राहते. किंवा मोठा आवाज होऊन काचेचे हजारो दाणे पोरांच्या अंगावर पडतात.

या दोन शक्यतांमध्ये फरक करतो तो एक पारदर्शक थर. जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. दोन काचांच्या मध्ये असा थर घालायची कल्पना व्यवहारात आणली ती कुठल्या मोटार इंजिनिअरनं नाही, तर पॅरिसमधल्या एका चित्रकारानं. तो कापडांची डिझाइन करायचा, संगीतातही रमायचा आणि उरलेल्या वेळात रसायनांशी खेळायचा. त्याचं नाव एदुआर बेनेदिक्तुस.

हीच त्याची गोष्ट. आणि तुमच्या गाडीचं छत तडकलं किंवा गळायला लागलं, तर या गोष्टीतून काय शिकायचं, तेही शेवटी पाहूच.

चित्रकार, संगीतकार आणि वर केमिस्ट

बेनेदिक्तुसचा जन्म 5 ऑक्टोबर 1878 चा, पॅरिसमधला. त्या काळचं पॅरिस म्हणजे कलाकारांची पंढरी. चित्रकार, कवी, वादक, सगळे तिथेच. या वातावरणात वाढलेला पोरगा कलेकडे वळला, यात नवल नाही. चित्रं काढणं, चामड्यावर नक्षीकाम करणं, पुस्तकांच्या बांधणीचं डिझाइन करणं, अशी त्याची सुरुवात झाली.

पण त्याला संगीताचीही ओढ होती. साधारण 1900 नंतर पॅरिसमध्ये तरुण कलाकारांची एक टोळी जमली होती. टोळीचं नाव 'लेझ अपाश'. अपाश म्हणजे तेव्हाच्या पॅरिसच्या बोलीत गुंड, टपोरी. नाव टपोरी असलं तरी टोळीतली माणसं साधी नव्हती. पुढे जगभर गाजलेला संगीतकार मोरिस रावेल त्यात होता, पियानोवादक रिकार्दो विन्येस होता, नंतर इगोर स्त्राविन्स्कीही त्यांच्यात आला. ही मंडळी जमायची, एकमेकांच्या नव्या रचना ऐकायची आणि कलेवर रात्र-रात्र वाद घालायची. बेनेदिक्तुस याच टोळीतला एक.

एवढं करून त्याचं मन भरत नव्हतं. त्याला रसायनशास्त्राचाही नाद होता आणि त्यासाठी त्याची स्वतःची प्रयोगशाळा होती. सकाळी ब्रश, दुपारी परीक्षानळी, रात्री संगीताची मैफल असा हा माणूस. आपल्याकडे अशा माणसाला घरचे म्हणतात, एक धड काही करत नाही. पण पुढे जे घडलं, ते त्याला अनेक गोष्टींची नजर होती म्हणूनच घडलं.

शेल्फवरून पडलेला चंबू

साल होतं 1903. बेनेदिक्तुस तेव्हा पंचविशीतला. ही गोष्ट वेगवेगळ्या पुस्तकांत थोड्याफार फरकानं सांगितली जाते, पण गाभा एकच आहे.

प्रयोगशाळेत काम करताना उंच शेल्फवरचा एक काचेचा चंबू खाली पडला. काचेचा चंबू उंचावरून फरशीवर पडला की त्याचा चुरा होणार, हे सांगायला केमिस्ट लागत नाही. पण बेनेदिक्तुसनं खाली पाहिलं, तर चंबूला असंख्य तडे गेले होते आणि तरीही त्याचा आकार जसाच्या तसा होता. तुकडे एकमेकांना धरून बसले होते.

दुसऱ्या कुणी चंबू उचलून कचऱ्यात टाकला असता आणि काच चांगल्या प्रतीची असेल म्हणून विषय सोडून दिला असता. बेनेदिक्तुसनं तो उचलून नीट बघितला. चंबू रिकामा दिसत होता, पण आतून त्याला एक पातळ, पारदर्शक पापुद्रा चिकटलेला होता. चौकशी केल्यावर उलगडा झाला. त्या चंबूत कधीकाळी सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण होतं. द्रव उडून गेला आणि आतल्या बाजूला त्याचा थर सुकून बसला. काच फुटली, पण या थरानं तुकडे सोडले नाहीत.

म्हणजे काच फुटायची थांबली नव्हती. ती फुटल्यावर तिला कुणीतरी धरून ठेवलं होतं. त्याच्या पुढच्या सगळ्या शोधाचा पाया एवढाच आहे. त्यानं चंबूची नोंद करून ठेवली आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागला.

सेल्युलोज नायट्रेट म्हणजे काय? याचं उत्तर भंडाऱ्यात सापडतं

हे नाव अनोळखी वाटत असलं तरी भंडारा जिल्ह्याला ते परकं नाही. भंडारा शहराजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, जी आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग आहे. तोफगोळा नळीतून पुढे फेकण्यासाठी जी दारू लागते, तिला प्रणोदक म्हणतात आणि जवाहरनगरची ओळख अशा प्रणोदकांसाठी आहे. जगभरात या प्रकारच्या दारूचा मूळ घटक म्हणजे नायट्रोसेल्युलोज. सेल्युलोज नायट्रेट हे त्याचंच दुसरं नाव.

कापसासारख्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की हा पदार्थ तयार होतो. त्यात नायट्रोजनचं प्रमाण जास्त असेल तर ती दारू होते. प्रमाण कमी असेल तर तो अल्कोहोल आणि ईथरच्या मिश्रणात विरघळतो आणि सुकल्यावर त्याचा पारदर्शक, चिवट पापुद्रा बनतो. या द्रावणाला कलोडियन म्हणायचे. 19 व्या शतकात फोटोच्या काचेच्या प्लेटवर ते ओतलं जायचं आणि डॉक्टर जखमेवरही लावायचे.

याच पदार्थापासून पुढे सिनेमाची फिल्म बनली. दादासाहेब फाळक्यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' अशाच नायट्रेट फिल्मवरचा. ही फिल्म किती पटकन पेट घेते, याचा फटका 2003 मध्ये पुण्याला बसला. तिथे ठेवलेल्या जुन्या नायट्रेट फिल्मला आग लागली आणि मराठी-हिंदी सिनेमाचा मोठा ठेवा जळून गेला.

तर एकच पदार्थ तोफेत, सिनेमात आणि बेनेदिक्तुसच्या चंबूत. फरक फक्त तो कसा वापरला याचा.

अपघाताची बातमी आणि पुस्तकं दाबायचा प्रेस

त्या काळात पॅरिसच्या रस्त्यावर मोटारी वाढत होत्या. घोडागाडीच्या वेगाची सवय असलेल्या रस्त्यांवर अचानक वेगवान गाड्या आल्या आणि अपघातही सुरू झाले. गाडीच्या पुढे काच असायची, पण ती खिडकीला लावतात तशी साधी. धडक झाली की ती लांबट, टोकदार सुऱ्यांसारखी फुटायची आणि चेहरा, गळा, डोळे कापायची. धडकेतून वाचलेला माणूस काचेनं जायचा.

असं सांगतात, की अशाच एका अपघाताची बातमी बेनेदिक्तुसच्या वाचनात आली आणि त्याला तो जुना चंबू आठवला. चंबूला आतून थर होता म्हणून तुकडे सुटले नाहीत. मग गाडीच्या काचेतच असा थर घातला तर?

पण काचेवर नुसता थर लावून भागणार नव्हतं. उघड्यावर तो खरवडला जाईल, धुळीनं खराब होईल. म्हणून त्यानं सँडविच करायचं ठरवलं. दोन बाजूंना दोन काचा, मध्ये सेल्युलोज नायट्रेटचा पातळ पत्रा, चिकटवायला जिलेटिन आणि मग दाब. दाब देण्यासाठी त्यानं पहिल्यांदा कागदपत्रांच्या प्रती काढायचा साधा हातप्रेस वापरला, असं म्हणतात. बांधणीचं काम केलेल्या माणसाला प्रेस नवा नव्हता. थर, डिंक, दाब हे सगळं त्याच्या हाताला आधीपासून ठाऊक होतं.

तीन थर, म्हणून नाव ठेवलं 'ट्रिप्लेक्स'. 1909 मध्ये त्यानं पेटंट घेतलं आणि 1911 मध्ये फ्रान्समध्ये ट्रिप्लेक्स काच बनवणारी कंपनी उभी राहिली. 1912 मध्ये इंग्लंडमध्येही ट्रिप्लेक्स सेफ्टी ग्लास कंपनी निघाली.

तसं पाहिलं तर दोन काचा चिकटवायची कल्पना एकट्या त्यालाच सुचली असं नाही. इंग्लंडमध्ये 1905 च्या सुमारास जॉन क्रू वुड नावाच्या एका सॉलिसिटरनं कॅनडा बाल्सम हा झाडाचा चीक वापरून असाच प्रयत्न केला होता. पण तो धंद्यात उतरला नाही. बेनेदिक्तुसचा प्रयोग कारखान्यापर्यंत पोहोचला, हे त्याचं वेगळेपण.

याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? 1908 मध्ये तळेगाव दाभाडेला पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा वर्गणीची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैशातून स्वदेशी काच बनायला लागली. काच आपली आपण बनवायला शिकायची, ही आपली तेव्हाची लढाई होती. आणि पॅरिसमध्ये एक माणूस फुटलेल्या काचेचं काय करायचं या प्रश्नात अडकला होता.

गाडीवाल्यांनी पाठ फिरवली, युद्धानं हात दिला

तुम्हाला वाटेल, जीव वाचवणारी काच आली म्हटल्यावर गाडी कंपन्यांनी उड्या मारल्या असतील. झालं उलटंच.

ट्रिप्लेक्स महाग होती. एका काचेच्या जागी दोन काचा, मध्ये थर आणि त्यावर मजुरी. त्या काळात गाडी बनवणाऱ्यांना खर्च कमी करायचा होता. अपघात हा चालवणाऱ्याचा दोष, गाडीचा काय संबंध, असाच विचार चालायचा. सुरक्षेसाठी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजेल, असं कुणाला वाटत नव्हतं. सीट बेल्ट आणि एअरबॅगच्या वेळी पुढे जे झालं, त्याची ही पहिली आवृत्ती म्हणा.

मग 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लवकरच खंदकांमध्ये विषारी वायू सोडला जाऊ लागला. सैनिकांना गॅस मास्क लागले. मास्कला डोळ्यांसमोर काच हवी आणि ती फुटली तर दुहेरी संकट, म्हणजे डोळ्यात तुकडे आणि आत वायू. इथे ट्रिप्लेक्स कामाला आली. तडा गेला तरी तुकडे सुटत नाहीत, मोठी फट पडत नाही. गाड्यांनी नाकारलेली काच अशी आधी सैनिकांच्या चेहऱ्यावर बसली.

युद्ध संपल्यावर चित्र बदललं. गाड्या लाखोंनी वाढल्या, त्यांचे वेग वाढले आणि काचेनं जखमी झालेल्यांचे दावे कोर्टात जायला लागले. 1927 च्या शेवटी फोर्डनं आपली मॉडेल ए गाडी बाजारात आणली, तेव्हा तिच्या पुढच्या काचेला सेफ्टी ग्लास होती. सामान्य माणसाच्या गाडीत ही काच बसली, हा मोठा टप्पा होता.

ट्रिप्लेक्सचा शत्रू: ऊन आणि कडेनं शिरणारं पाणी

पण बेनेदिक्तुसच्या काचेत दोन खोटी होत्या आणि आजच्या सनरूफवाल्यांनी त्या नीट समजून घ्याव्यात.

पहिली म्हणजे ऊन. सेल्युलोज नायट्रेटचा थर उन्हात पिवळा पडायचा. नवी असताना लख्ख दिसणारी काच काही वर्षांत चहाच्या रंगाची व्हायची आणि समोरचं दिसायचं कमी व्हायचं.

दुसरी म्हणजे ओल. काचेतून पाणी आरपार जात नाही, पण सँडविचच्या कडा उघड्या असतात. त्या कडेनं ओल शिरली की चिकटलेला थर काचेपासून सुटायला लागायचा. कडेला बुडबुडे यायचे, पांढुरके डाग पडायचे आणि ते हळूहळू आत सरकायचे. म्हणून त्या काळी ट्रिप्लेक्स काचेच्या कडा वेगळ्यानं सील कराव्या लागत.

म्हणजे काच मधोमध कितीही भक्कम असली तरी तिचा जीव कडेला. शंभर वर्षांनी छतावरच्या काचेबाबतही हेच खरं आहे.

काच बनवणारा चित्रकार, चित्रकारच राहिला

ट्रिप्लेक्सचा धंदा चालायला लागल्यावर दुसऱ्या कुणी ब्रश बाजूला ठेवला असता. बेनेदिक्तुसनं तसं केलं नाही. उलट त्याचं सगळ्यात नावाजलेलं काम याच काळातलं आहे.

1925 मध्ये पॅरिसला सजावटीच्या कलांचं एक प्रचंड आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. सरळ रेषा, भौमितिक आकार, चकचकीत रंग असा एक नवा ढंग तिथे जगासमोर आला. या प्रदर्शनाच्या नावावरूनच पुढे त्या शैलीला आर्ट डेको म्हणायला लागले. हाच ढंग मुंबईपर्यंत पोहोचला. मरीन ड्राइव्हच्या गोलसर बाल्कन्या आणि ओव्हल मैदानासमोरच्या इमारती याच शैलीतल्या आहेत आणि 2018 मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

1925 च्या त्या प्रदर्शनात बेनेदिक्तुसनं डिझाइन केलेली कापडं होती. त्यातल्या एका प्रसिद्ध कापडावर कारंजी आहेत. पाण्याच्या धारा वर उसळतायत आणि कमानीसारख्या खाली येतायत. ज्याच्या काचेला पाण्याचं वावडं, त्यानंच कापडावर पाणी इतकं देखणं उतरवलं.

कापड, गालिचे आणि भिंतीवरच्या कागदांसाठी त्यानं नमुन्यांचे संग्रहही काढले. त्यातले रंग छापखान्याच्या यंत्रानं नाही, तर स्टेन्सिल ठेवून हातानं भरले जायचे. 'व्हारियास्यों' हा त्यातला गाजलेला संग्रह आणि 1930 चा 'रले' हा शेवटचा. आजही डिझाइनचे विद्यार्थी हे नमुने बघतात आणि त्यातल्या कितीतरी जणांना हा माणूस काचेसाठीही ओळखला जातो हे माहीत नसतं. काचवाल्यांना तो चित्रकार होता हे माहीत नसतं.

28 जानेवारी 1930 रोजी पॅरिसमध्ये बेनेदिक्तुस गेला. वय अवघं 51. त्याची काच जगभरातल्या गाड्यांत नेमाची होण्याआधीच तो गेला.

त्याच्या नंतर: थर बदलला, कल्पना तीच

1930 च्या दशकात सेल्युलोज नायट्रेट मागे पडलं. आधी सेल्युलोज अ‍ॅसिटेट आलं आणि मग पॉलिव्हिनाइल ब्युटिरल, म्हणजेच पीव्हीबी. हा थर उन्हात तसा पिवळा पडत नाही, रबरासारखा ताणला जातो आणि काचेला घट्ट धरतो. आज तुमच्या गाडीच्या पुढच्या काचेत हाच असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 100 नुसार आपल्याकडे गाडीच्या काचा सेफ्टी ग्लासच्या असाव्या लागतात आणि पुढची काच तर लॅमिनेटेडच, म्हणजे बेनेदिक्तुसच्या पद्धतीची.

त्याच सुमाराला काचेचा दुसरा भाऊही मोठा झाला. त्याला टेम्पर्ड किंवा टफन्ड काच म्हणतात. ही एकच काच असते. ती 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन गार करतात. त्यामुळे बाहेरचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि आतला भाग ताणाखाली. ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते, पण हा तोल बिघडला की पूर्ण काच एका क्षणात ज्वारीच्या दाण्यांसारखी सांडते. दाणे बोथट असतात, सुरीसारखे कापत नाहीत. पण छत मात्र उघडं पडतं.

गाड्यांच्या काचेच्या छतांमध्ये या दोन्ही प्रकारच्या काचा वापरल्या जातात. आपल्या छतावर कुठली आहे, हे काचेच्या कोपऱ्यात कोरलेल्या शिक्क्यावरून कळतं. तिथे लॅमिनेटेड किंवा टेम्पर्ड असं लिहिलेलं असतं किंवा तशी खूण असते. कळत नसेल तर सर्व्हिस सेंटरला विचारा. ही चौकशी काच फुटल्यावर नाही, आजच करायची.

आता मुद्द्याचं: छत तडकलं तर?

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात छताच्या काचेची परीक्षा वर्षभर चालते. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस झोडपतो, महामार्गावर गिट्टी आणि रेतीचे टिप्पर, कोका किंवा कऱ्हांडल्याच्या बाजूला झाडांच्या सुक्या फांद्या आणि गाडी सावलीत लावली की छतावर उड्या मारणारी वानरं.

समजा काच लॅमिनेटेड आहे आणि तिला चीर गेली. ती जागेवर आहे म्हणून ती धड आहे असं नाही. थरानं तुम्हाला वेळ दिलाय, तेवढाच. सनरूफ उघडायचा-बंद करायचा प्रयत्न करू नका, कारण सरकताना काच पिळली जाते आणि चीर वाढते. आतला पडदा ओढून घ्या, त्या काचेखाली कुणाला बसवू नका. कॅरिअरवर सामान असेल तर उतरवा. बाहेरून चिरेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावली तर पाणी आणि धूळ आत जात नाही. चिरेत पाणी शिरलं की मधला थर कडेकडेनं सुटतो, हा बेनेदिक्तुसच्या काळापासूनचा धडा. तापलेल्या तडकलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, चीर पळत जाते. मग जंगलवाट सोडून हळू गाडी चालवत थेट वर्कशॉप गाठा. खडबडीत रस्त्यावर गाडीचा सांगाडा पिळवटतो आणि त्याचा ताण काचेवर येतो.

समजा काच टेम्पर्ड होती आणि सांडली. गाडी कडेला घ्या. डोळे चोळू नका, केसांतले आणि कपड्यांवरचे दाणे झटकून काढा, विशेषतः लहान मुलांचे. आतला पडदा बंद असेल तर तो उघडू नका, दाणे त्यावरच साचलेले असतात. फ्रेमला लटकलेले तुकडे जाड हातमोजे घालून काढा. उघड्या जागेवर जाड प्लॅस्टिक ताणून, पट्टीनं चिकटवून, कमी वेगानं जवळच्या ठिकाणापर्यंत जाता येतं. भरधाव गेलात तर वारा प्लॅस्टिक फाडून नेईल. टेम्पर्ड काचेची दुरुस्ती होत नाही, ती बदलावीच लागते.

बदलताना एक गोष्ट बघा. स्थिर काच पॉलियुरेथेनच्या चिकट पदार्थानं फ्रेमला बसवतात आणि तो सुकायला ठरावीक वेळ लागतो. घाईनं गाडी बाहेर काढली की कडेला फट राहते आणि पहिल्याच पावसात छत गळतं.

काच धड आहे, तरी पाणी येतंय?

2023 मध्ये एक व्हिडिओ खूप फिरला होता. एक एसयूव्ही धबधब्याखाली नेली आणि आत पाणी गळायला लागलं. त्यावरून सोशल मीडियावर जोरदार भांडणं झाली. पण सनरूफ कसं काम करतं, हे फार थोड्यांनी समजून घेतलं.

सरकणाऱ्या सनरूफचं रबर पूर्ण पाणी अडवण्यासाठी बनवलेलंच नसतं. थोडं पाणी त्याच्या कडेनं आत येतं. ते फ्रेमभोवतीच्या पन्हळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांमधून, दाराजवळच्या खांबांच्या आतून, खाली जमिनीवर सोडलं जातं. कौलारू घराला पन्हळ असते, तसंच. आणि पन्हळीत पाला अडकला की घरात पाणी येतं, तसंच इथेही होतं.

म्हणून छत गळायला लागलं की काचेला दोष देण्याआधी या नळ्या बघा. सनरूफ उघडा, पन्हळीतली माती, पाला, मोहाची सुकलेली फुलं ओल्या फडक्यानं पुसून काढा. मग प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू सोडा आणि ते गाडीखाली टपकतंय का, हे बघायला दुसऱ्या माणसाला सांगा. पाणी तुंबलं तर नळी चोंदलीय. बारीक, लवचिक नायलॉनची दोरी हळूच आत घालून ती मोकळी होते. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारू नका, आतला जोड निसटला तर पाणी थेट गालिच्याखाली आणि वायरिंगवर जाईल. सिलिकॉनचा थर फासून फटी बुजवणं हा तर सगळ्यात वाईट उपाय. त्यानं पाण्याची वाट बंद होत नाही, फक्त लपते आणि नंतर काच नीट बसवताना तेच सिलिकॉन आड येतं.

हे काम मेच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी केलं की चार महिने निश्चिंत.

विम्याचंही लक्षात ठेवा. सर्वसमावेशक पॉलिसीत अपघातानं फुटलेली काच साधारणपणे धरली जाते आणि मोटार विम्याच्या घसारा तक्त्यात काचेच्या भागांवर घसारा शून्य असतो. पण रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, त्यामुळे रबराचा अर्धा खर्च तुमच्या खिशातून. चोंदलेल्या नळ्यांमुळे झालेली गळती मात्र देखभालीत मोडते, तिचा दावा बहुतेक वेळा नाकारला जातो. दावा करणार असाल तर काच हलवण्याआधी फोटो काढा.

बेनेदिक्तुसनं न फुटणारी काच कधीच बनवली नाही. त्यानं फुटण्याचा क्षण आणि जखम यांच्यामध्ये एक थर घातला. म्हणून महामार्गावर खडा आदळल्यावर छतावर जाळं उमटलं आणि तरी मागच्या सीटवरची पोरं सुखरूप असली, तर त्यात त्या चित्रकाराचा वाटा आहे. त्यानं मिळवून दिलेला वेळ वर्कशॉप गाठण्यासाठी वापरायचा. तडकलेली काच तशीच घेऊन पुढच्या ट्रिपला निघायचं नाही.